काळ्या टोपीवाल्याची बाटली

अल मनखूल, दुबई
शुक्रवार, ३ एप्रिल १९९८

रामचंद्र,

अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील, तर त्याआधी एक ओळ वाच. बिजली सापडली.

होय, तीच. आपल्या प्रभंजन टूरिंग टॉकीजची बिजली घोडी. कपाळावर पांढरा टिळा, मागचा डावा पाय पांढरा, शेवटच्या वळणावर मान खाली घालून सुटते ती. एकोणतीस वर्षांनी तिला मी मुलाच्या हॉलमध्ये पाहिली, चहाचा कप हातात असताना. कप पडला. गालिचा सूनबाईंच्या माहेरचा असल्यामुळे त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

मी इथे कसा, ते थोडक्यात सांगतो. आमची ही दोन वर्षांपूर्वी गेली आणि अनिलने मला इकडे आणलं. तो कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत आहे, सून स्मिता एका शिपिंग ऑफिसात. नात केया बारा वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते आणि आमचं उत्तम चालतं. मार्चअखेर इथे घोड्यांची मोठी शर्यत असते. अनिलने मला नेलं होतं. रामचंद्र, इथल्या घोड्यांना एसीचे तबेले आहेत आणि पोहायला हौद. आपण दोघं अकरा वर्षं ट्रकच्या टपावर झोपलो. मी अनिलला म्हणालो, पुढचा जन्म इथल्या घोड्याचा मिळाला तरी चालेल.

तर त्या शर्यतीच्या निमित्ताने टीव्हीवर आठवडाभर घोड्यांचे जुने इंग्रजी सिनेमे चालू होते. गेल्या शुक्रवारी दुपारी लावला तर धुळीचा रस्ता, कुंपण, रुंद टोप्या घातलेली माणसं. आणि कुंपणापाशी बिजली! मी ओरडलो ते शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं. माझा आवाज तुला माहीत आहे, वयाने त्याचं काही बिघडवलेलं नाही. केयाने धावत येऊन व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवली आणि पहिली पाच मिनिटं सोडून सगळा सिनेमा पकडला. तशीही त्याची सुरुवात आपण कधी पाहिली नव्हती. लॅमिंग्टन रोडच्या त्या गोदामातून आपण प्रिंट उचलली, तेव्हाच तिचं नावगाव फाटून गेलेलं होतं. म्हणून तर बोर्डावर मी लिहिलं, ‘बिजली घोडी अर्थात पैजेचा विडा’. खरं नाव आता मला कळलंय. आपलंच चांगलं होतं.

आता कामाचं. इथल्या मराठी मंडळाचा एक मेला महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम आहे. विभावरीबाई म्हणून सेक्रेटरी आहेत, डबे आणि केटरिंगचा मोठा धंदा आहे त्यांचा. त्यांना मी सांगितलं की आम्ही जत्रेत इंग्रजी सिनेमाचा आवाज बंद करून तंबूत भोंग्यावर मराठीत कथा सांगायचो. त्या म्हणाल्या, “काका, ये तो हिट है! शेवटच्या रेसची वीस मिनिटं देते. पण टायमात खलास करायचं हां.” मी म्हटलं, बाई, मी साताऱ्यापासून जतपर्यंत अकरा वर्षं हेच केलंय.

मी ते करणार आणि उत्तम करणार, त्यात शंका नाही. फक्त एक अडचण आहे. सुरुवातीचं मला पाठ आहे, मधलं थोडं विसरलोय. तू मशीनच्या पत्र्याच्या खोलीतून रोज दोन वेळा ऐकलंस. तुला सगळं येत असणार. मी कुठे काय बोलायचो ते जमेल तसं लिहून पाठव. तबेल्यातला काळोजीचा प्रसंग, मैनेचं रडणं, शर्यतीच्या आधीचं. टापांचा आवाज तू कुठे मोठा करायचास तेही लिही. इथे ते काम केया करील, रिमोटने.

बोरजाईवाडीला झालं ते झालं. तंबू जुना होता, फिल्म त्याहून जुनी. तुझा दोष नव्हता, माझाही नव्हता. एवढ्या वर्षांनी त्याचं काय घेऊन बसायचं?

शोभनावहिनींना नमस्कार. उत्तर अनिलच्या पोस्ट बॉक्सवर पाठव, इथे पोस्टमन घरी येत नाही.

दत्ताराम


सोमवार, २० एप्रिल

रामचंद्र,

अख्खं निळं हवाईपत्र, आणि त्यात दीड ओळ! कागदाची तरी लाज बाळगायचीस. मी ते अनिलच्या ऑफिसात उभ्याउभ्या उघडलं. दुसऱ्या बाजूला काही आहे का म्हणून उलटून पाहिलं, पाकिटासारखी घडी असते तिच्यातही बोट घालून पाहिलं.

“तू बोललेलं सगळं विसरलो. शेवटचं तेवढं लक्षात आहे.”

शेवटचं म्हणजे कुठलं? बिजली पैज जिंकते तेव्हाचं? नाही, मला समजलं तुला काय म्हणायचंय. पण तू माझ्या जागी उभं राहून बघ ना जरा. दिवेलागणीचा पहिला खेळ, तंबूत सातशे माणूस, कनात पेटलेली. बाहेर पडल्यावर त्या माणसांच्या हातात काठ्या होत्या. कोणालाही मोठी इजा झाली नव्हती, ही देवाची कृपा. पण कोणीतरी गुन्हेगार मिळाल्याशिवाय त्या काठ्या खाली येणार नव्हत्या. भोंगा माझ्या हातात होता. काहीतरी बोलायला हवं होतं, ते मी बोललो. नेमकं काय ते मला आठवत नाही.

ते राहू दे. इथली गंमत ऐक. तू काही लिहून पाठवलं नाहीस म्हणून मी केयाला घेऊन बसलो. म्हटलं, हे लोक इंग्रजीत काय बोलतात ते तरी सांग. आपण दोघांनी कधी तो आवाज लावून ऐकला का रे? तू बटण खाली ठेवायचास, मी बोलायचो. टापा आणि गोळीबार आला की तू वर करायचास. तुझा हात आणि माझं तोंड, असं अकरा वर्षं चाललं. त्या सिनेमाला स्वतःचं काही म्हणायचं असेल हे आपल्या डोक्यातच आलं नाही.

पहिला धक्का. केया म्हणाली, “आबा, इट्स अ बॉय हॉर्स. हिज नेम इज ड्यूक.”

बिजली घोडा आहे! अकरा वर्षं मी तिला माहेरवाशीण म्हणत होतो. बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

दुसरा धक्का. मैना ही नायकाची होणारी बायको नाही, सख्खी बहीण आहे. ती रडते ते लग्न मोडल्यामुळे नव्हे, भाऊ न सांगता घर सोडून चाललाय म्हणून. मी त्या जागी पाच मिनिटं विरहाचं बोलायचो! अनिल आणि स्मिता हसून हसून सोफ्यावरून खाली आले. मीही हसलो. मी केयाला सांगितलं, हे बघ, खरं काय ते त्यांना माहीत, पण माझं जास्त चाललं असतं. ती म्हणाली, “येस, बट यू मेड इट अप!” मी म्हटलं, मग? लोकांना आवडलं ना?

तबेल्याचा प्रसंग अजून ऐकायचा आहे. तेवढ्यात तिची आई अभ्यासाला घेऊन गेली.

तू लिहिलं नाहीस तरी माझं अडलेलं नाही, हे कळावं म्हणून हे पत्र. तरी लिहिलंस तर बरं वाटेल.

दत्ताराम


बुधवार, २९ एप्रिल

रामचंद्र,

हे पत्र एक तारखेच्या कार्यक्रमाआधी तुझ्या हाती पडणार नाही, तरी आजच लिहितो.

तबेल्याचा प्रसंग ऐकला.

तुला चित्र आठवतंच. शर्यतीच्या आदल्या दिवशी काळी टोपी घातलेला तो उंच, मिशीवाला माणूस इकडेतिकडे बघत तबेल्यात शिरतो. खिशातून बाटली काढतो. घोड्याचं तोंड वर करून ती त्याच्या घशात ओततो. मी त्याला काळोजी केलं होतं. “पाहा मंडळी, पाहा, मुक्या जनावराला वीख पाजतोय हा चांडाळ!” एवढं म्हटलं की तंबूत खवळायचे लोक. विट्याला पडद्यावर चप्पल आली होती, कडेपूरला दगड. तू पडद्याला ठिगळ लावलंस आणि मला म्हणालास, दत्तू, जरा कमी शिव्या दे त्याला. मी म्हणालो, तेच तर चालतं.

केयाने तो भाग तीनदा लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आबा, ही इज नॉट द बॅड गाय. ही इज गिव्हिंग हिम मेडिसिन.”

घोड्याच्या पोटात कळ आलेली असते. तो काळ्या टोपीवालाच घोड्याला लहानपणापासून शिकवणारा माणूस, नायकाशी भांडण होऊन वेगळा झालेला. तो लपूनछपून औषध घेऊन येतो. जाताना मैनेला काय म्हणतो, ते मी केयाकडून शब्दशः लिहून घेतलं. “मी आलो होतो हे पोराला सांगू नकोस.” आणि शर्यत संपल्यावर तो फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा असतो ना, मी म्हणायचो की शिपायांनी बेड्या घातल्यात! कुठल्या बेड्या! त्याला कुणी धरलेलंच नाही. तो एकटा उभा राहून नुसता बघतोय. अकरा वर्षं माझ्या समोर आठ फुटांच्या पडद्यावर होतं ते.

त्या रात्री मी जेवलो नाही. स्मिताने विचारलं, “बाबा, ॲसिडिटी का?” मी हो म्हटलं.

तुला लिहिलं होतं, मला आठवत नाही. आठवतं. सगळं आठवतं, शब्दाला शब्द. मला पाठांतराची देणगी आहे, ती अशी ऐनवेळी दगा देत नाही.

बोरजाईवाडीला शर्यतीचं रीळ दोनदा दाखवून झालं होतं. लोक तिसऱ्यांदा ‘वन्स मोअर’ ओरडत होते. तू खिडकीतून डोकं काढून म्हणालास, नको, जोड सुटतायत, मशीन तापलंय, फिल्म जुनी आहे, भडका उडेल. तुला माहीत होतं, त्या काळातली फिल्म कशी पेट घेते ते तू मला दहादा सांगितलं होतंस. आणि मी भोंग्यावर म्हणालो, “मंडळी, आमचे मशीनवाले दमले! बिजली दमली नाही, हे दमले!” सातशे माणूस तुला हसला. मग तू रीळ चढवलंस. शेवटच्या वळणावर जोड सुटला आणि फिल्म मशीनच्या गेटात अडकून पेटली. तू हातांनी ती ओढून बाहेर टाकलीस. तळहात भाजले. त्या हातांनी लोकांसाठी मागची कनात सोडवलीस, म्हणून माणसं वाचली.

आणि बाहेर आल्यावर मी काय बोललो, ते तुला सांगायची गरज नाही. इथे लिहीतही नाही, हात वळत नाही. पण बाटलीचं लिहितो. तुझ्या सदऱ्यावर फिल्म जोडायचं सोल्युशन सांडलं होतं. उग्र वास येतो त्याला. मला तो वास पाठ होता, ती बाटली मीच साताऱ्याहून आणायचो. तरी मी पंचांना म्हणालो, वास घेऊन बघा.

परवा कार्यक्रम आहे. मी जुनीच कथा सांगणार, काळोजीसकट. लोकांना तीच हवी असते आणि मला तीच चांगली येते. आज मला काही सुचत नाही म्हणून हे सगळं तुला लिहिलं, एवढंच समज.

दत्ताराम


रविवार, ३ मे

रामचंद्र,

कार्यक्रम असा झाला की त्याला तोड नाही. मी मुद्दाम नम्रपणा करत नाही, मला तो जमत नाही.

एका शाळेचा हॉल, तीनशे माणूस, मागे उभे होते ते वेगळे. आपल्या माणसांना इथे शुक्रवारी सुट्टी असते, सगळे नटूनथटून आले होते. विभावरीबाईंनी माझी ओळख करून दिली, “बोलपटाला बोलायला लावणारे दत्ताराम काका!” आणि आवाज बंद करून मी सुरू केलं. पहिल्या वाक्यालाच हशा. बिजलीला मी घोडीच ठेवलं. ज्यांचे आजोबा-पणजोबा बैलगाड्या पळवायचे, ती माणसं खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. समोरच्या रांगेत इथेच वाढलेली पोरं होती. त्यांना निम्मं मराठी कळत नाही, ती पण “कम ऑन बिजली!” करत होती. टापांना केयाने आवाज वर केला. तुझ्याइतका जमला नाही, अर्धा सेकंद मागे पडला, पण बारा वर्षांच्या मुलीला ठीक आहे.

शर्यत संपली आणि मागून कोणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” मग सगळा हॉल.

विभावरीबाई विंगेतून म्हणाल्या, “काका, यल्ला, चला, होऊन जाऊ दे!” अनिलने रिमोट दाबला. नुसतं एक बटण, रामचंद्र! ना तापलेलं मशीन, ना जोड, ना कार्बनचा धूर. कॅसेट सूं सूं करत मागे गेली आणि घोडे पुन्हा रांगेत उभे राहिले. कोणी ‘नको’ म्हणालं नाही. म्हणायला कोणी नव्हतंच.

आणि माझं तोंड उघडेना. घोडे सुटले, पहिलं वळण गेलं, मी गप्प. लोकांना वाटलं, काकांचा काहीतरी नवा प्रकार आहे. मग फाटकाबाहेरचा तो माणूस आला, टोपी हातात घेतलेला. मी माइक तोंडाशी नेला आणि बोललो. म्हणालो, हा चोर नाही. ह्याने घोड्याला औषध दिलं. मी अकरा वर्षं ह्याला चोर म्हणत आलो, कारण मी ह्याचा आवाज बंद ठेवला होता. आणि माझा एक भागीदार होता, रामचंद्र नावाचा, त्याचंही मी तेच केलं. मी त्यांना बोरजाईवाडी सांगितली. माझी चेष्टा, तुझे हात, सोल्युशनची बाटली, मी पंचांना काय सांगितलं ते. मागच्या पत्रात तुला लिहू शकलो नाही ते वाक्यही बोललो: “मशीनवाला प्यालेला आहे, म्हणून आग लागली.” मग मी म्हणालो की ते खोटं होतं, आणि खाली बसलो.

त्यांनी टाळ्या वाजवल्या! उभं राहून, रामचंद्र. विभावरीबाई डोळे पुसत आल्या आणि म्हणाल्या, “काका, क्या एंडिंग दिया! मला वाटलं नव्हतं तुम्ही असं इमोशनल कराल.” एकाने विचारलं, हे नाटक लिहिलेलं मिळेल का? मी त्यांना सांगत होतो की हे खरं आहे, आणि ते म्हणत होते, हो, खरंच वाटलं.

घरी येताना गाडीत केयाने माझा हात धरला होता. मग म्हणाली, “आबा, डज ही नो यू सेड सॉरी?”

म्हणून लिहितोय. माझं चुकलं. मी तुला वाईट ठरवलं, कारण मला मार खायचा नव्हता. तुला पुन्हा कुठल्या टॉकीजने मशीनला हात लावू दिला नाही, हे मला त्याच वर्षी कळलं होतं. मी साताऱ्यात एका हॉटेलात बसलो होतो, कोणीतरी सांगितलं, आणि मी भजी मागवली. हेही लिहून ठेवतो.

आता तीनशे लोकांसमोर बोललोय. माझ्या बाजूने मी मोकळा झालो असं मला वाटतंय. तुला काय वाटतं ते कळव. ह्या वेळी दीड ओळ चालेल.

दत्ताराम


अल मनखूल, दुबई
शुक्रवार, २२ मे १९९८

सौ. शोभनावहिनी,

हे पत्र तुमच्या नावाचं आहे, रामचंद्राच्या नाही. तुम्ही सातवीपर्यंत शिकलात, तुमचं अक्षर आमच्या दोघांपेक्षा चांगलं होतं. तर हे दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका. उजेडात बसून स्वतः वाचा.

फोन करावा असं अनिल म्हणत होता. मी नको म्हटलं. मी बोलायला लागलो की माणसं माझ्या आवाजावर जातात, आणि तुमच्याशी एकदा तसं झालेलं आहे. म्हणून लिहून देतो आणि खाली सही करतो. हे ठेवून द्या. कधी शंका आली तर पुन्हा काढून वाचा.

काल रामचंद्राचं पत्र आलं. ह्या वेळी त्याने पान भरून लिहिलंय. तो लिहितो की दुबईच्या तीनशे लोकांना सांगून काय झालं, ते त्याला ओळखत नाहीत. बोरजाईवाडीचे पंच वारले, पाटील वारला. ज्यांनी काठ्या उचलल्या होत्या, त्यांच्या पोरांनाही तो तंबू आठवत नाही. मग लिहितो:

“एक शोभना उरली. लग्नाआधी पालीला मी खंडोबाचा बेलभंडार उचलून शपथ घेतली की दारूला शिवणार नाही. तू साक्षीला होतास. तुझं बोलणं तिने जत्रेत कानाने ऐकलं. त्या वर्षापासून ती रविवार धरते. माझी मोडलेली शपथ ती फेडते आहे. मी तिला हजार वेळा सांगितलं, मी प्यालो नव्हतो. ती चिडत नाही, भांडत नाही. ऐकून घेते आणि म्हणते, असू दे, देवाला माहीत आहे. दत्तू, माझं काम गेलं त्याचं मला आता काही नाही. पण दर रविवारी ती समोर बसून मला वाढते आणि स्वतः पाणी पिऊन उठते.”

वहिनी, मला हे माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षं म्हणजे दीड हजार रविवार. मी तोंडातून एक वाक्य काढलं आणि ते तुम्ही दीड हजार दिवस उपाशी राहून फेडलंत. मी काल दुपारपासून हेच एक घेऊन बसलोय. माझ्या नातीने येऊन विचारलं, “आबा, आर यू क्रायिंग?” मी हो म्हटलं. ह्यापुढे ॲसिडिटीचं नाव सांगायचं नाही, असं मी ठरवलंय.

तर आता नीट ऐका. रामचंद्र त्या दिवशी प्यालेला नव्हता. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. अकरा वर्षं मी त्याच्या शेजारी झोपलो, मला माहीत असणार नाही तर कोणाला? त्याच्या सदऱ्याला वास येत होता तो फिल्म जोडायच्या औषधाचा. बाटली मी आणलेली होती. आग लागली ती त्याने नको म्हटलेलं रीळ मी त्याला चिडवून चढवायला लावलं म्हणून. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी चुकून बोललो नाही, घाबरून खोटं बोललो. बेलभंडाराला मी साक्षीदार होतो आणि साक्षीदारानेच खोटी साक्ष दिली. त्याची शपथ जशीच्या तशी आहे. तिला काही झालेलं नाही.

फेडायचं असेल तर ते माझं आहे, माझं मी बघीन. त्यात तुम्ही पडू नका. तुम्ही मला क्षमा करावी असं मी म्हणत नाही. ते मागायला मी पुढच्या महिन्यात येतो आहे, तिकीट काढलंय. दाराबाहेर उभं केलंत तरी उभा राहीन, मला उभं राहून बोलायची सवय आहे.

पण माझ्यासाठी थांबू नका. हे पत्र हातात पडेल त्यानंतर जो पहिला रविवार येईल, त्या दिवशी रामचंद्राच्या पानाशेजारी स्वतःचं पान मांडा, आणि पोटभर जेवा.

दत्ताराम